यीस्टचे वय मोजताना: जनुके, त्यांच्यावरील कुलुपे आणि महाविद्यालयातील एक प्रकल्प

यीस्टच्या वार्धक्यावर प्रकल्प करायचे ठरवून येणारा विद्यार्थी बहुधा एखाद्या जनुकाचे नाव मनात पक्के करूनच येतो. ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी ते नाव बहुतेक वेळा 'सर-२' असते. हे जनुक काढून टाकले की पेशी लवकर मरते आणि त्याची एक प्रत वाढवली की जास्त जगते, एवढे त्याने वाचलेले असते व ते आपल्या प्रयोगशाळेत दाखवावे अशी त्याची इच्छा असते. मी त्याला एकच प्रश्न विचारतो: कोणते वय मोजणार? यीस्टला दोन वये असतात आणि एकच जनुक त्या दोन वयांवर वेगवेगळा, कधी तर उलटा परिणाम करते. या प्रश्नाचे उत्तर ठरल्याशिवाय शंकुपात्र हातात घेऊ नये, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो आणि मग प्रत्यक्ष कृतीकडे वळतो.

दोन वये

पावाच्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, विभाजन समसमान होत नाही. मातृपेशीवर लहानशी कलिका उगवते, वाढते आणि कन्यापेशी होऊन वेगळी होते. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये एकेका मातृपेशीवर सूक्ष्मदर्शकाखाली लक्ष ठेवले, प्रत्येक कन्यापेशी बाजूला काढत मोजणी केली आणि मातृपेशी ठरावीक मर्यादेपर्यंतच कलिका देते, मग थांबते व मरते, हे दाखवले. नेहमीच्या प्रयोगशाळेतील वाणांमध्ये ही सरासरी साधारण २० ते ३० विभाजनांची असते. कन्यापेशीची मोजणी मात्र शून्यापासून सुरू होते. खूप म्हाताऱ्या मातेच्या शेवटच्या कन्या याला अपवाद असून त्या कमी जगतात. याला आपण विभाजनवय म्हणू.

दुसरे वय अगदी निराळे आहे. साखर संपली, वाढ थांबली आणि पेशी विभाजन न करता नुसती टिकून राहिली, तर ती किती दिवस जिवंत राहते, म्हणजेच पुन्हा अन्न मिळाल्यावर वसाहत उभी करण्याची क्षमता किती दिवस टिकवते, हे झाले कालवय. विभाजनवय आपल्या अस्थिमज्जेतील किंवा त्वचेतील विभाजित होत राहणाऱ्या पेशींची आठवण करून देते, तर कालवय चेतापेशींसारख्या विभाजन थांबवलेल्या पेशींची. ही तुलना समजुतीपुरतीच ठेवावी.

विभाजनवय मोजायचे असेल, तर सूक्ष्म सुई जोडलेले सूक्ष्मदर्शक लागते. आगरवरील ४० ते ६० कुमारी, म्हणजे अजून एकही कलिका न दिलेल्या, पेशी निवडायच्या, दर दीड-दोन तासांनी प्रत्येकीची नवी कन्या सुईने दूर करायची, रात्री प्लेट ४ अंश सेल्सिअसवर ठेवायची आणि सकाळी पुन्हा तेच काम सुरू करायचे. असे दोन-तीन आठवडे चालते. म्हाताऱ्या पेशी थेट कल्चरमधून उचलता येतील, असा विचार मनात येतो, पण त्यासाठी एक साधे गणित पाहावे. वाढत्या कल्चरमधील निम्म्या पेशी नुकत्याच जन्मलेल्या असतात, चतुर्थांश पेशींना एक कन्या झालेली असते, अष्टमांश पेशींना दोन आणि पुढे असेच. याप्रमाणे २० किंवा अधिक कन्या झालेली माता दहा लाखांत एखादीच सापडते. मोठ्या संस्थांमध्ये मातृपेशींच्या भित्तिकेला बायोटिन जोडून त्या चुंबकीय मण्यांनी वेगळ्या करतात किंवा सूक्ष्म वाहिन्यांच्या चिपमध्ये माता अडकवून ठेवतात आणि कन्या द्रवाबरोबर वाहून जाऊ देतात. महाविद्यालयाने कालवय घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यासाठी शेकर, ऑटोक्लेव्ह, पेट्री प्लेटा आणि रोज ठरल्या वेळी हजर राहणारी दोन माणसे पुरतात.

कोणते जनुक कोणत्या वयाचे

सर-२ ची कीर्ती विभाजनवयातली आहे. यीस्टच्या बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या आरएनएची जनुके १०० ते २०० वेळा एकापाठोपाठ आलेली असतात. या रांगेतून कधी कधी एखादा तुकडा सुटून त्याचे वर्तुळ होते. हे वर्तुळ स्वतःच्या प्रती काढते, पण कन्येकडे न जाता मातेतच साचते. सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी १९९७ मध्ये या वर्तुळांचा वार्धक्याशी संबंध दाखवला. १९९९ मध्ये सर-२ ची एक जादा प्रत दिल्यावर विभाजनवय सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि जनुक काढल्यावर ते ठळकपणे घटल्याचे दिसले. त्याच सुमारास फॉब-१ हे जनुक काढल्यास वर्तुळे कमी होतात आणि मातृपेशी जास्त विभाजने करते, हेही समोर आले. सर-२ चे प्रथिन नेमके काय करते, हे २००० मध्ये कळले: ते एनएडी या रेणूच्या साहाय्याने, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढून टाकते आणि त्यामुळे तेथील डीएनए घट्ट बांधला जाऊन जनुके गप्प होतात.

कालवयाचे मानकरी वेगळे आहेत. टॉर-१, एससीएच-९ आणि रास-२ ही जनुके पेशीला 'अन्न भरपूर आहे, वाढत राहा' असा निरोप देणाऱ्या मार्गांवर बसलेली आहेत. हा निरोप कमकुवत केला की पेशी वाढीऐवजी डागडुजी आणि तगून राहणे यांकडे वळते. वॉल्टर लाँगो यांच्या गटाने २००१ मध्ये या मार्गांवरील उत्परिवर्तनांनी कालवय तिपटीपर्यंत लांबल्याचे दाखवले. टॉर या नावामागचे रॅपामायसिन हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून मिळाले आणि त्याचे लक्ष्य कोणते, हे १९९१ मध्ये यीस्टमध्येच सापडले.

आता गोंधळाचे मूळ पाहू. सर-२ काढले म्हणून कालवय घटेलच, असे नाही. २००५ मध्ये तर असे दिसले, की अन्न कमी असताना किंवा एससीएच-९ आधीच काढलेले असताना सर-२ ही काढले, तर कालवय आणखी लांबते. म्हणून सर-२ विरहित वाण घेऊन शंकुपात्रात कालवय मोजणाऱ्या विद्यार्थ्याला 'अपेक्षित' उत्तर मिळत नाही, तेव्हा त्याचा प्रयोग चुकलेला नसतो. त्याने प्रश्न एका घड्याळाला विचारलेला असतो आणि उत्तर दुसऱ्या घड्याळावर शोधत असतो.

वाण मिळवणे आणि तपासणे

बेकरीचे कोरडे यीस्ट हातसफाईच्या सरावाला उत्तम आहे, पण निष्कर्षासाठी ते वापरू नये, कारण औद्योगिक वाणांत गुणसूत्रांचे अनेक संच असू शकतात आणि त्यांची जनुकीय ओळख आपल्याला माहीत नसते. प्रमाणित वाणांसाठी चंदीगडचे एमटीसीसी आणि पुण्याचे एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचे संग्रह आहेत. जनुक काढलेले वाण बहुधा एखाद्या संशोधन गटाकडून मागावे लागतात. असे वाण जनुकीय फेरफार केलेले असतात, त्यामुळे ते आणण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवावे. ही औपचारिकता प्रकल्प संपताना आठवून उपयोग नसतो.

नवी मुंबईतल्या एखाद्या प्रयोगशाळेतून वाण आणायचा असेल, तर तिरप्या आगरच्या नळीत आणावा, द्रव कल्चर आणू नये. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत शंकुपात्र सांभाळणे कोणाच्याच हिताचे नाही. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळीसाठी वापरतात तसला थर्माकोलचा डबा आणि दोन बर्फाच्या पिशव्या या प्रवासाला पुरेशा आहेत. डबा मात्र नवा घ्यावा.

पहिल्या प्रकल्पासाठी दोनच वाण घ्यावेत: बीवाय-४७४१ हा मूळ वाण आणि त्याच पार्श्वभूमीतील टॉर-१ काढलेला वाण. एससीएच-९ काढलेला वाण मोहक असला, तरी तो इतका हळू वाढतो की दोन्ही कल्चर एकाच अवस्थेत आणणे हाच वेगळा प्रकल्प होऊन बसतो. वाण हाती आल्यावर तीन तपासण्या करायच्या. पहिली, जनुकाच्या जागी बसवलेला प्रतिजैविक-रोधक तुकडा जागेवर आहे का, हे जी-४१८ घातलेल्या वायपीडी (यीस्टचे नेहमीचे पोषक माध्यम, कृती पुढे दिली आहे) आगरवर पाहायचे. मात्रा प्रति मिलिलिटर २०० मायक्रोग्रॅम ठेवावी. हे प्रतिजैविक अमोनियम सल्फेट असलेल्या कृत्रिम माध्यमात नीट काम करत नाही, म्हणून ही तपासणी वायपीडीवरच करावी. दुसरी, पीसीआरने जनुक खरोखर नाही याची खातरजमा करायची.

तिसरी तपासणी बहुतेक जण वगळतात आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. वाण ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल असलेल्या प्लेटवर वाढवून पाहायचा. ग्लिसरॉलवर जगण्यासाठी तंतुकणिका धड असाव्या लागतात. बीवाय वाणांच्या कुळात तंतुकणिकांचा डीएनए बिघडलेल्या, 'पेटाइट' म्हटल्या जाणाऱ्या पेशी सहज निर्माण होतात. त्या ग्लुकोजवर लहान वसाहती देतात, ग्लिसरॉलवर वाढत नाहीत आणि साखर संपल्यावर लवकर मरतात. अशा वसाहतीपासून प्रयोग सुरू झाला, तर जनुकाच्या नावावर तंतुकणिकांचा दोष खपतो.

तपासलेला वाण २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावा आणि प्रत्येक फेरी या साठ्यातूनच सुरू करावी. फ्रिजमधल्या महिनाभर जुन्या प्लेटवरून सुरू करू नये.

माध्यम आणि खोली

वायपीडीसाठी प्रति लिटर १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम पेप्टोन, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि प्लेटांसाठी २० ग्रॅम आगर लागते. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटे करावा. डेक्स्ट्रोज वेगळे निर्जंतुक करून मागाहून मिसळावे, नाहीतर माध्यम तपकिरी होते. वयाचा प्रयोग मात्र वायपीडीत न करता कृत्रिम माध्यमात करावा, कारण त्यातील प्रत्येक घटक आपल्याला माहीत असतो: अमोनियम सल्फेटसह, पण अमिनो आम्लांविना असलेला यीस्ट नायट्रोजन बेस प्रति लिटर ६.७ ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम. बीवाय-४७४१ ला हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे ते बाहेरून द्यावे लागते. नेहमीच्या वाढीला लागणाऱ्या मात्रेच्या चौपट मात्रा द्यावी. ल्युसिन कमी पडले तर पेशी साखर संपण्याआधीच उपाशी राहते आणि लवकर मरते, व विद्यार्थी ते म्हातारपण समजतो.

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून रसायने आणणाऱ्यांनी एकच पथ्य पाळावे: संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा यीस्ट नायट्रोजन बेस एकाच बॅचचा घ्यावा. मध्येच डबा बदलला, तर जुन्या आणि नव्या फेऱ्यांची तुलना करण्याचा हक्क जातो.

खोलीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खाडीकाठच्या या पट्ट्यात हवा हा प्रयोगातला तिसरा भागीदार असतो. ज्या इनक्युबेटरला फक्त तापवता येते, तो एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर राहूच शकत नाही, कारण खोलीच ३५ च्या वर गेलेली असते. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इनक्युबेटर किंवा वातानुकूलित खोलीतला शेकर हवा. पावसाळ्यात कापसाची बुचे ओलसर होतात आणि त्यांतून बुरशी आत शिरते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बुचावर ॲल्युमिनियमची टोपी घालावी आणि रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. माझ्या अनुभवात डिसेंबर ते मार्च हा उत्तम हंगाम.

एका वर्षी आमच्याकडे जनुक काढलेला वाण मूळ वाणापेक्षा सातत्याने लवकर मरत होता. तीन फेऱ्यांत तोच निकाल आला आणि विद्यार्थिनीने आलेखाखाली सिद्धांतही लिहिला. मग लक्षात आले, की सोयीसाठी ती मूळ वाणाची पात्रे नेहमी खालच्या फळीवर आणि दुसऱ्या वाणाची वरच्या फळीवर ठेवत असे. वरच्या फळीवर तापमापक ठेवला, तेव्हा तो पडद्यावरच्या आकड्यापेक्षा तीन अंश जास्त दाखवू लागला. फळ्या बदलल्या आणि फरक नाहीसा झाला. तेव्हापासून पात्रांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, रोज बदलायच्या आणि प्रत्येक फळीवर वेगळा तापमापक ठेवायचा, असा आमचा नियम आहे. देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल, त्या दिवसाचीही वहीत नोंद करावी. शेकर चार तास थांबला, तर पेशींना चार तास प्राणवायू कमी मिळालेला असतो.

प्रत्यक्ष मोजणी

ग्लिसरॉल प्लेटवर वाढलेली एकेक वसाहत उचलून ती ५ मिलिलिटर कृत्रिम माध्यमात रात्रभर ३० अंशांवर वाढवावी. दुसऱ्या दिवशी ६०० नॅनोमीटरवरील ऑप्टिकल डेन्सिटी ०.१ येईल एवढे विरलन करून ५० मिलिलिटरच्या शंकुपात्रात १० मिलिलिटर माध्यम भरावे. पात्राचा एक पंचमांश भागच भरल्याने हवा पुरेशी मिळते. शेकरची गती मिनिटाला २०० ते २२० फेरे असावी. प्रत्येक वाणाच्या तीन वेगवेगळ्या वसाहतींपासून तीन पात्रे करावीत. एकाच कल्चरची तीन पात्रे म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, हे परीक्षकाने विचारण्याआधी समजून घ्यावे. भरलेल्या पात्राचे वजन करून ते पात्रावर लिहून ठेवावे. दोन आठवड्यांत पाणी उडते. घट दिसली तर तेवढे निर्जंतुक पाणी घालावे, नाहीतर पेशी दाट होत जातात आणि मृत्यूचा दर कमी भासतो.

कल्चर सुरू केल्यापासून ७२ तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, बहुतेक पेशींची वाढ थांबलेली असते. हा दिवस १०० टक्के धरावा. तिथून दर दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, नमुना घ्यावा. नमुना घेण्याआधी पात्र नीट हलवावे, कारण यीस्ट तळाला बसते. दहा-दहा पटींची विरलने निर्जंतुक पाण्यात करावीत, प्रत्येक पायरीला नवे टोक वापरावे आणि एका प्लेटवर ५० ते ३०० वसाहती येतील असे विरलन निवडून त्याच्या तीन प्लेटा वायपीडीवर पसराव्यात. दोन दिवसांनी मोजणी करावी.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. तिसऱ्या दिवशी एक लाखपट विरलनातील १०० मायक्रोलिटरमध्ये सरासरी १२० वसाहती आल्या, तर मूळ कल्चरमध्ये प्रति मिलिलिटर १२ कोटी जिवंत पेशी झाल्या. सातव्या दिवशी त्याच विरलनात ८४ आल्या, म्हणजे ७० टक्के. नवव्या दिवशी दहा हजारपट विरलनात ३०० आल्या, म्हणजे ३ कोटी, अर्थात २५ टक्के. सातव्या आणि नवव्या दिवसांच्या दरम्यान ४५ टक्के घट दोन दिवसांत झाली. ५० टक्क्यांवर यायला २० टक्के घट लागते, म्हणून अर्ध्या पेशी मरण्याचा दिवस साधारण ७.९ हा निघतो. दोन वाणांची तुलना या आकड्यावर करता येते, पण त्यापेक्षा संपूर्ण आलेखाखालील क्षेत्रफळाची तुलना अधिक भरवशाची, कारण एका चुकलेल्या दिवसाने ती कोसळत नाही.

वसाहतींच्या जोडीला न्यूबॉअर पेटीत, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर, मेथिलीन ब्लूने मृत पेशी मोजाव्यात. निळी झालेली पेशी मृत समजायची. रंग टाकल्यावर फार वेळ थांबू नये, कारण रंग आणि वेळ दोन्ही पेशींना त्रास देतात. या मोजणीत जिवंत पेशींचा आकडा वसाहतींपेक्षा बहुधा जास्त येतो: काही पेशी रंग बाहेर ठेवण्याइतक्या जिवंत असतात, पण पुन्हा विभाजन करण्याइतक्या नसतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. एकाच आकड्याला सत्य ठरवण्याची गरज नाही.

शेवटच्या टप्प्यात एक फसवणूक होते. ९० ते ९९ टक्के पेशी मेल्यावर कधी कधी वसाहतींची संख्या अचानक वाढते. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या अन्नावर काही उत्परिवर्तित पेशी पुन्हा वाढू लागलेल्या असतात. वाढ दिसताच त्या पात्राची मोजणी थांबवावी आणि आलेख तिथेच तोडावा.

आधी आम्लाची चौकशी

कृत्रिम माध्यमात वाढताना यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते, नंतर ते खाते आणि वाटेत ॲसेटिक आम्ल सोडते. काही दिवसांत माध्यमाचा सामू ४ च्या खाली जातो. २००९ मध्ये दाखवले गेले, की या परिस्थितीत कालवय कमी होण्यामागे हे ॲसेटिक आम्ल हे मोठे कारण असते आणि सामू ६ वर धरून ठेवला तर त्याच पेशी बऱ्याच जास्त दिवस जगतात. याचा अर्थ असा, की टॉर-१ विरहित वाण जास्त जगला, तर त्याने पेशीच्या आत काही सुधारले असेल किंवा तो आम्ल कमी सोडत असेल किंवा ते चांगले सोसत असेल. या तिन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय जनुकाबद्दल बोलता येत नाही.

म्हणून प्रत्येक वाणाच्या तीन रांगा कराव्यात. पहिली रांग साध्या माध्यमाची. दुसरी सायट्रेट-फॉस्फेट बफर घातलेल्या माध्यमाची: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटच्या द्रावणात सायट्रिक आम्ल हळूहळू घालत सामूमापकावर ६ येऊ द्यावे. तिसऱ्या रांगेत तिसऱ्या दिवशी पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवून, दोनदा धुऊन निर्जंतुक पाण्यात ठेवाव्यात. दर नमुन्याबरोबर सामूपट्टीचे वाचन वहीत लिहावे. टॉर-१ चा फायदा फक्त पहिल्या रांगेत दिसला आणि बफरमध्ये नाहीसा झाला, तर तो आम्लाच्या वाटेने आलेला असतो. तिन्ही रांगांत टिकला, तर पेशीच्या आतील कारणाकडे बोट दाखवायला जागा आहे. चौथी रांग परवडली, तर २ टक्क्यांऐवजी ०.५ टक्के ग्लुकोजची करावी. अर्धपोटी यीस्ट जास्त जगते हे खरे, पण ते आम्लही कमी करते, त्यामुळे तिथेही बफरची जोडी लागतेच.

अधिजनुकीय नियंत्रण डोळ्यांनी पाहणे

अधिजनुकीय म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुके चालू-बंद ठेवणारे. हा शब्द ऐकला की विद्यार्थी डीएनएच्या मिथिलीकरणाकडे धावतात. पावाच्या यीस्टमध्ये ते नसतेच. इथे डीएनए गुंडाळणारी हिस्टोन प्रथिने, त्यांवरील ॲसिटिल आणि मिथिल खुणा आणि सर-२ सारखी त्या खुणा पुसणारी विकरे, एवढाच कारभार आहे. गुणसूत्रांची टोके, रायबोसोमच्या जनुकांची रांग आणि लिंगप्रकार ठरवणाऱ्या जनुकांच्या दोन राखीव प्रती या तीन जागी सर-२ जनुके गप्प ठेवते. मातृपेशी म्हातारी होते तसे सर-२ प्रथिन घटते, हिस्टोन-४ च्या सोळाव्या लायसिनवर ॲसिटिल खूण वाढते आणि कुलुपे सैल पडतात. २००९ मध्ये हे दाखवले गेले आणि ही खूण लावणारे सास-२ काढल्यावर विभाजनवय वाढल्याचेही दिसले. पुढच्याच वर्षी म्हाताऱ्या पेशींत हिस्टोन प्रथिनेच कमी होत जातात आणि त्यांचा पुरवठा वाढवला तर आयुष्य लांबते, हे पुढे आले. टेलोमेर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, झिजल्याने यीस्ट म्हातारे होते, ही समजूत मात्र सोडावी. यीस्टमध्ये ती टोके भरून काढणारे टेलोमेरेज हे विकर चालू असते.

कुलूप सैल होते म्हणजे काय, हे महाविद्यालयात रंगाने दाखवता येते. ज्या वाणात एडीई-२ हे जनुक मूळ जागेवरून काढून गुणसूत्राच्या टोकाजवळ बसवले आहे, असा वाण मागवावा. जनुक चालू असेल तर वसाहत पांढरी दिसते, गप्प असेल तर पेशीत लाल रंगद्रव्य साचते. एकाच वसाहतीत लाल आणि पांढऱ्या पाकळ्या दिसतात. डीएनए सगळीकडे तोच असतो, पण गप्प किंवा बोलकी अवस्था आईकडून मुलीकडे काही पिढ्या तशीच जाते आणि मग कधीतरी बदलते. ॲडेनिन जास्त असलेल्या माध्यमात लाल रंग येत नाही, म्हणून जादा ॲडेनिन घालू नये आणि मोजणीआधी प्लेटा चार-पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे रंग गडद होतो.

आता निकोटिनामाइड घ्यावे. ते सर-२ चे काम रोखते. १२.२ ग्रॅम निकोटिनामाइडचे १०० मिलिलिटर द्रावण केल्यास ते १ मोलर होते. ते फिल्टरने निर्जंतुक करून प्रति लिटर माध्यमात ५ मिलिलिटर घातले की ५ मिलिमोलर मात्रा मिळते. अशा प्लेटवर लाल पाकळ्या जवळजवळ नाहीशा होतात. त्याच पांढऱ्या वसाहतीतील पेशी साध्या प्लेटवर पसरल्या, की लाल रंग पुन्हा परततो. उत्परिवर्तन असते तर ते असे सहज परतले नसते, म्हणून ही परतीची प्लेट वगळू नये, किंबहुना ती पुढे करून दाखवावी. रसायनाच्या बाटलीवरचे नाव दोनदा वाचावे: निकोटिनामाइड म्हणजेच नायसिनामाइड, पण नुसते नायसिन म्हणजे निकोटिनिक आम्ल, ते सर-२ ला रोखत नाही. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्येही नायसिनामाइड असते, त्यामुळे ते वापरता येईल का, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. नाही, कारण त्यात आणखी काय काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

विभाजनवयाची झलक हवी असेल, तर कॅल्कोफ्लुअर व्हाइटने पेशी रंगवाव्यात. प्रत्येक कलिकेच्या जागी कायटिनचा गोल व्रण उरतो, तो या रंगाने चमकतो आणि मोजता येतो. त्यासाठी अतिनील प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक लागते. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संस्थेत किंवा जवळच्या विद्यापीठात परवानगी मागून अर्धा दिवस मिळाला, तरी वर सांगितलेला निम्मे-चतुर्थांश-अष्टमांश हा हिशेब डोळ्यांनी तपासता येतो.

या विषयात काय घडते आहे, याची जाण राहावी म्हणून एक गोष्ट सांगतो. सॅन डिएगो येथील नान हाओ यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की एकसारख्या डीएनएच्या यीस्ट पेशी दोनपैकी एका वाटेने म्हाताऱ्या होतात: काहींत सर-२ घटून रायबोसोमच्या जनुकांची शिस्त बिघडते, काहींत हीम आणि तंतुकणिका खंगतात. २०२३ मध्ये त्यांनी सर-२ आणि तंतुकणिकांशी संबंधित हॅप-४ यांना एकमेकांविरुद्ध आळीपाळीने चालू-बंद करणारे मंडल पेशीत बसवले आणि आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढले. हे विभाजनवय आहे, शंकुपात्रातले नव्हे.

निष्कर्ष लिहिताना

निष्कर्षाच्या वाक्यात चार गोष्टी याव्यात: कोणता वाण, कोणते वय, कोणते माध्यम आणि त्याचा सामू. 'टॉर-१ काढल्याने यीस्टचे आयुष्य वाढते' हे वाक्य परत पाठवावे. 'टॉर-१ विरहित बीवाय-४७४१ चे कालवय २ टक्के ग्लुकोजच्या साध्या कृत्रिम माध्यमात मूळ वाणापेक्षा वाढले, सामू ६ च्या बफरमध्ये हा फरक कमी झाला' अशा स्वरूपाचे वाक्य स्वीकारावे, अर्थात आकड्यांनी ते तसे निघाले तरच. आलेखावर तिन्ही पात्रे वेगळी दाखवावीत. सरासरीच्या एका रेषेमागे बिघडलेले पात्र लपते. तिसऱ्या दिवसाचे मूळ आकडेही तक्त्यात द्यावेत, कारण एका वाणात सुरुवातीलाच दुप्पट पेशी असतील, तर टक्केवारी ते सांगत नाही.

शेवटच्या दिवशी पात्रे आणि प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय सिंकमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नयेत. उणे ८० अंशांतील नळ्यांवर वाणाचे नाव, तारीख आणि ग्लिसरॉल प्लेटवर तपासल्याची खूण पेन्सिलने लिहावी आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. शाई अल्कोहोलचा हात लागताच पुसली जाते आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला नाव नसलेल्या नळ्या मिळतात.